मागून घातलेला गूळ

मरताना माणसाच्या तोंडून सत्यच बाहेर पडतं, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. ते सांगत होते तेव्हा त्यांच्यापैकी कोणी मरत नव्हतं, एवढं मात्र प्रोफेसर लिंगोजीराव जाधव लक्षात आणून देत.

लिंगोजीराव इथे कानडी मुलखात, मंडी मोहल्ल्यात, आमच्या भिंतीला भिंत लावून राहत. पूर्वज इथल्या महाराजांच्या घोडदळात. पणजोबांची तलवार बैठकीत टांगलेली आणि तिच्या खाली ग्रीक भाषेचा जाडजूड कोश. पाहुणे कोशालाच जास्त घाबरत. पाद्री तयार करणाऱ्या एका कॉलेजात ते तर्कशास्त्र शिकवायला गेले, तिथे एका पाद्र्याशी वाद झाला, मूळ पाहिल्याशिवाय बोलू नये म्हणून ग्रीक शिकले आणि निवृत्त होईपर्यंत त्या वादातून बाहेर आले नाहीत. एकादशी कधी मोडली नाही. पाद्र्यांना वाटे, हा गृहस्थ आपल्या ग्रंथातली वचनं कमी करायला आलाय. आमच्या विठ्ठलमंदिरातल्या भजनी मंडळींना वाटे, हा आज ना उद्या बाटणार. सर्वधर्मसमभाव म्हणतात तो मी एवढाच पाहिला: दोन्हीकडचे लोक त्यांच्यापासून सारख्याच अंतरावर बसत.

त्यांचं काम जुन्या हस्तलिखितांचं. एकाच वचनाचे दोन पाठ सापडले तर मूळचा कोणता, हे ठरवायचं. नियम साधा होता. जो पाठ अडचणीचा, तो अस्सल. नक्कल करणारा कडू असेल ते गोड करतो. गोड असलेलं कडू करायचं कुणाला सुचत नाही.

"गोड लागतंय नव्हं? म्हणजे गूळ मागून घातलाय," असं ते म्हणत. शास्त्रवचनाबद्दल म्हणत, हॉटेलातल्या सांबाराबद्दल म्हणत आणि माणसांबद्दल तर म्हणतच. बोगादीला एका निवृत्त अधिकाऱ्याचा सत्कार होता. साहेब रोज सर्वांच्या आधी कचेरीत हजर असत, असं अध्यक्षांनी सांगितलं. माझ्या शेजारचा शिपाई पुटपुटला, हजर असत, पण रेकॉर्डच्या खोलीत चादर घेऊन. लिंगोजीराव वळून त्याच्याकडे आदराने बघत राहिले. "चादर," ते मला म्हणाले, "चादर कुणी मुद्दाम घालणार नाही."

इथवर गंमत होती. भीती वाटायची ती दिवेलागणीला.

त्यांची बायको, आमच्या ताराकाकू, गेल्यापासून तिन्हीसांजेला ते मागचं दार सताड उघडत, दिवा न लावता बसत आणि मोठ्याने ग्रीक वाचत. पाठच होतं म्हणून उजेड लागत नसे. वाचायचे ते नेहमी एकच: ख्रिस्ताच्या चार चरित्रांतल्या सगळ्यांत जुन्या चरित्राचा शेवट. तीन बाया पहाटे थडग्याशी जातात. धोंडा सरकलेला, आत तो नाही. बाया थरथरत पळतात आणि भीतीपोटी कुणाला काही बोलत नाहीत. संपलं. पुढे तो सगळ्यांना भेटला वगैरे जे येतं, ते सगळ्यांत जुन्या प्रतींत नाही. लिंगोजीरावांच्या मते तो गूळ. म्हणून ते भीतीपाशी थांबत. श्वास मध्येच तोडल्यासारखे थांबत.

एकदा माझ्या आत्याने दिलेले उंडे, म्हणजे लाडू, घेऊन मी नेमका त्या वेळी गेलो. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. मी बँकेत आहे. ते थांबले. अंधारात तलवारीचं टोक तेवढं दिसत होतं. आणि आत स्वयंपाकघरात एक झाकण घरंगळलं, गोल फिरलं, फिरत फिरत मंद झालं आणि बसलं.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"विचारू नये. विचारलं की लोक काहीतरी गोड सांगतात."

"तुमचा विश्वास आहे यावर?"

"नाही. पण दार लावायलाही पुरावा लागतो."

उंडे तिथेच ठेवून मी निघालो. चालत आलो, असं मी घरी सांगितलं.

दर गुरुवारी ते आमच्याकडे येत, ते माझ्यासाठी नव्हे. ताराकाकू गेल्या त्या दिवशी लिंगोजीराव बंगळूरला होते, याच शेवटावर निबंध वाचत. काकूंजवळ एकटी माझी आत्या होती. शेवटी तारा काय बोलली, एवढंच त्यांना हवं होतं. आत्या सांगे, हात जोडले, 'विठ्ठल विठ्ठल' म्हटलं, डोळे मिटले. ते मान खाली घालून ऐकत. पुढच्या गुरुवारी पुन्हा विचारत. आत्याच्या सांगण्यात हळूहळू समई आली, मग मोगऱ्याचा वास आला.

"अक्का, गेल्या खेपेला मोगरा नव्हता," ते म्हणत आणि कॉफी न पिता उठत. तो माणूस वास काढायला येत नव्हता, हे मला उशिरा कळलं. खरं वाक्य मिळालं नाही, तर आपली बायको आपल्याला कायमची अर्धीच कळणार, ही त्याची धास्ती होती.

मग एका गुरुवारी, आत्या नुकती तापातून उठली होती, तेव्हा ते आले आणि काहीच न विचारता बसून राहिले. आत्याला ते सहन झालं नाही.

"विठ्ठल नाही म्हटलं तिनं," आत्या म्हणाली. "समई पण नव्हती. म्हणाली, अक्का, बागलू हाक, मांजर आत येतंय. मी मागचं दार लावाय गेले. कडी बसंना. परत आले तर... आयितु, संपलेलं. कुणीच नव्हतं तिच्याजवळ, लिंगोजीराव."

कॉफीवर साय धरली. आत्या पदर तोंडाला लावून बसली होती.

"भ्यालात," ते म्हणाले.

"हौद, भ्याले. तुमास्नी काय सांगू? एवढ्या विद्वानाची बायको, आणि शेवटी मांजर? आणि मी तिला एकटी सोडून गेलेली?"

"अक्का," लिंगोजीराव म्हणाले. इतक्या हलक्या आवाजात त्यांना बोलताना मी ऐकलं नव्हतं. "तुमच्याआधी तिघी अशाच गप्प बसल्यात. त्यांना मी कधी दोष दिला नाही."

मग त्यांनी सायीसकट कॉफी प्यायली. उठताना दाराशी थांबून ते वाक्य हळूच स्वतःशी म्हणून पाहिलं: बागलू हाक, मांजर आत येतंय. "हे तिचंच," ते म्हणाले. "हे कुणी मागून घालणार नाही."

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे वाचन झालं नाही. मागचं दार ओढल्याचा आवाज आला, कडी दोनदा चुकली आणि तिसऱ्यांदा बसली.

मांजर आता आमच्याकडे येतं. दूध झाकून ठेवावं लागतं.