तळपायाच्या साडेसहापट

इंगळेदादांनी माझ्याशी पहिल्या दिवशी हात मिळवला नाही, मोजला. बदली होऊन मी अकोल्याच्या ऑफिसात आलो, त्यांच्या शेजारची खुर्ची मिळाली, म्हणून रीतीप्रमाणे हात पुढे केला. तर या माणसानं माझं मनगट धरलं, खिशातून शिंप्याची टेप काढली, मनगटापासून कोपरापर्यंत लावली आणि जाहीर केलं, पाच फूट आठ.

आता मी आहे पाच फूट पाच. भिंतीला टेकून, दाराला टेकून, सगळीकडे मोजून झालेलं. तसं सांगितलं तर गडी गडबडला नाही. "मंग तुमचा हात खोटं बोलून राहिला का?" असं त्यांनी मलाच विचारलं.

पुढे त्यांनी मला दोन्ही हात पसरून उभं केलं, तर मी पाच सात निघालो. बूट-मोजे काढायला लावून तळपाय मोजला. माणूस आपल्या तळपायाच्या साडेसहापट असतो हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि त्या हिशोबानं मी पाच सहा. बरं, माझा पाय एकदा मोजून समाधान नाही. दर आठ-पंधरा दिवसांनी, भाऊ, तेवढा उजवा बूट काढा. एके दिवशी मीच घरी जाऊन बायकोला विचारलं, अगं, मी नक्की किती उंच आहे? ती म्हणाली, माळ्यावरचा डबा हाताला येत नाही तेवढे.

सरळ भिंतीला उभं करून मोजा ना, असं कोणी सुचवलं की दादांच्या कपाळाला आठ्या पडत. "उभ्या मानसाची उंची कोनीबी सांगन. त्यात काय हाये?"

माझ्या पुतण्यासाठी चांदूर बाजारला मुलगी पाहायला गेलो तेव्हा यांना सोबत नेलं, ही माझीच अक्कल. मुलगा पाच नऊ असल्याचं आम्ही आधीच कळवलेलं. सगळे आत जाऊन बसलो, दादा मात्र बाहेर ओट्यावरच रेंगाळले. पोह्यांचा पहिला घास तोंडात जातो न जातो तोच आत आले आणि म्हणाले की पोरगा पाच नऊ नाही, पाच चार भरतो. मुलीच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. मग काय, पुतण्याला भिंतीशी उभं केलं, डोक्यावर पट्टी धरून पेन्सिलीची रेघ मारली. पाच नऊ. दादा म्हणे, भिंतीत खोट असेल. शेवटी उलगडा झाला की त्यांनी बाहेर मोजलेला जोडा मुलीच्या मामांचा होता. मग मामांनाही भिंतीशी उभं केलं, तर ते पाच आठ! म्हणजे जोडाही चुकीचा आणि गणितही. लग्न जमलं ते आमच्या नशिबानं. मी दादांशी बोलणं टाकलं.

एका शनिवारी तेच माझ्या टेबलाशी आले. "राऊतभाऊ, उद्या पातूरले येता का? तुमच्या पायाचं काम हाये." पायाचं काय काम असतं हे कळेना, म्हणूनच गेलो.

पातूरला त्यांचं जुनं घर आहे, चुलतभाऊ राहतो. ओट्यावर टाइल्सचे खोके रचलेले. दादा मला थेट मागच्या खोलीत घेऊन गेले. उंबऱ्यालगत सिमेंटच्या जमिनीत एक उजवं पाऊल उमटलेलं होतं. त्यांच्या वडिलांचं. ओल्या सिमेंटवर चुकून पाय पडला म्हणून आजीनं दिवसभर बोल लावले होते म्हणे. त्याच वर्षी वडील गेले. फोटो एकच, तोही बसलेला. आई म्हणायची, लय उंच होते. काका म्हणायचे, मध्यम होते. आता दोघंही नाहीत.

"उद्या इथं फरशी बसते," दादा म्हणाले. "मंग इचारू कोनाले?"

मी बूट काढला, त्या पावलात पाय ठेवला. नेमका बसला. दादांनी कडेकडेनं बोट फिरवून पाहिलं.

"पाच सहा धरा," मी म्हटलं.

"पन तुमी त पाच पाच हा नं."

मग खुद्द इंगळेदादाच गोंधळले. टेप हातात तशीच लोंबत राहिली. मलाही वाईट वाटलं, माझा एक इंच वाढला असता तर काय बिघडलं असतं!

थोड्या वेळानं त्यांनी टेप खिशात घातली. मला म्हणाले, हलू नका, तसेच उभे राहा. आणि गुडघा धरत धरत माझ्यासमोर जमिनीवर बसले.

"मी तवा रांगत होतो. मले तो असा खालूनच दिसला असन."

मी उभा राहिलो. चेहरा कसा ठेवायचा ते सुचेना. दादा माझ्या पावलापासून हळूहळू वर पाहत डोक्यापर्यंत आले, आणि त्यांनी एक हात वर केला. उठायला आधार हवा असेल असं वाटून मी हात दिला. त्यांनी तो धरला, पण उठले नाहीत.