उजव्या चेनची स्लीपिंग बॅग

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बाईंनी स्लीपिंग बॅग ठेवली आणि चष्मा चढवून वाकून पाहिलं. वजन आठशे ग्रॅमच्या आत भरलं. म्हणजे दुकानदार खोटं बोलला नव्हता. बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या, त्यामुळे समोरचा माणूस खरं बोलतोय असं सिद्ध झालं की त्यांची थोडी निराशाच व्हायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका गटाबरोबर डोंगरात पायी फिरायचं, पाच रात्री तंबूत झोपायचं, आणि आपलं ओझं आपल्याच पाठीवर न्यायचं, असा बाईंचा बेत होता. लोकांना त्यांनी कारण सांगितलं होतं निसर्ग. खरं कारण त्यांच्या शेजारी रोज रात्री झोपायचं आणि घोरायचं. लग्न झाल्यापासून बाईंना सलग झोप अशी मिळालीच नव्हती. त्या पाच शांत रात्रींसाठी त्या वाटेल तेवढे डोंगर चढायला तयार होत्या.

नवरा बरोबर येईल अशी भीती नव्हती. तो थंडीला इतका भ्यायचा, की भर उन्हाळ्यात पंखा दोनच्या पुढे गेला तरी मफलर शोधायचा.

दुकानदाराचं डोकं मात्र बाईंनी चांगलंच खाल्लं होतं. जाड बॅग स्वस्त होती, पण जड. पिसांची बॅग हलकी होती, दाबली तर पातेल्यात मावेल इतकी.

“ही पाच डिग्रीपर्यंत चालेल,” दुकानदार म्हणाला होता.

“कुणाला चालेल?”

“म्हणजे?”

“तुम्ही स्वतः झोपून बघितलंय का पाच डिग्रीत?”

दुकानदाराने विषय बदलला. “यात डाव्या चेनची आणि उजव्या चेनची अशा दोन येतात. साहेब येणार असतील तर एकेक घ्या. चेनला चेन जोडली की डबल होते.”

“साहेब येणार नाहीत!” बाई इतक्या जोरात म्हणाल्या, की बूट बघणारं एक गिऱ्हाईक दचकलं. त्यांनी उजव्या चेनची घेतली, आवडली नाही तर बदलून देण्याच्या बोलीवर.

आता पाच डिग्री आणायची कुठून? बाईंचा धाकटा दीर एका डेअरीचं कोल्ड स्टोरेज सांभाळायचा. प्रश्न उरला झोपणाऱ्याचा.

“अहो, तुम्हाला ऊब आली तर जगात कुणालाही येईल,” बाई नवऱ्याला म्हणाल्या.

“मी काय प्रयोगाचा उंदीर आहे?”

“उंदराला चेन लावता येत नाही.”

रविवारी दुपारी लोण्याच्या खोक्यांमागे, एका फळीवर नवरा आडवा झाला. स्वेटर बाईंनी उतरवून घेतला, नाहीतर निष्कर्ष चुकला असता. बॅगेच्या टोपीची दोरी ओढल्यावर त्याचं फक्त नाक बाहेर राहिलं. “माझं काही बरंवाईट झालं तर...” असं काहीसं ते नाक म्हणालं. अर्ध्या तासाने येते, असं सांगून बाई दिराच्या ऑफिसात चहाला जाऊन बसल्या.

चहा संपतो न संपतो तोच एक कामगार धावत आला.

“साहेब, आतली मशीन गेली! घरघर करतेय!”

दिराचा चेहराच पडला. आत ट्रकभर लोणी होतं. “वहिनी, हे लोणी वितळलं तर माझी नोकरी गेली,” असं म्हणत तो पळाला. मेकॅनिक आला. त्याने डोळे मिटून आवाज ऐकला आणि बेअरिंग गेल्याचं जाहीर केलं. मग त्याने बटण दाबून मशीन बंद केली.

घर्रर्र.

“बंद केलीस ना?” दिराने विचारलं.

“केली की! हे बघा बटण.”

घर्रर्रर्र, फूऽऽ.

मेकॅनिक दोन पावलं मागे सरला. कामगार तर दाराबाहेरच गेला. बाई उंबऱ्यात शांत उभ्या होत्या. त्यांनी आवाज पहिल्या घरघरीलाच ओळखला होता. पण अर्धा तास भरायला थोडा वेळ होता, आणि प्रयोग मधेच सोडणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. मेकॅनिकने पाना काढला तेव्हा मात्र त्यांना दिराची दया आली.

“बेअरिंग नाही हो ते,” त्या म्हणाल्या. “आमचे हे आहेत.”

मशीन चालू झाली, लोणी वाचलं. नवऱ्याला उठवायला मात्र दोघे लागले. तो कपाळ पुसत बाहेर आला. “अगं, मला घाम फुटलाय!” बाईंना कृतकृत्य वाटलं. प्रयोग शंभर टक्के यशस्वी झाला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवरा ऑफिसातून उशिरा आला. त्याच्या काखेत तसंच एक गाठोडं होतं.

“मी जन्मभर उगाच थंडीला घाबरलो,” तो म्हणाला. “तू नसतीस तर हे कळलंच नसतं. गटात माझंही नाव देऊन आलोय. आता तुला एकटीला नको जायला! आणि हे बघ, डाव्या चेनची आणलीय. दोन्ही जोडता येतात म्हणे.”

बाईंच्या शांत झोपेच्या पाच रात्री डोळ्यांदेखत गेल्या. पण नवऱ्याचा चेहरा पहिल्या सहलीला निघालेल्या पोरासारखा फुलला होता, आणि बाईंना नको म्हणवेना. खरं सांगायचं तर त्यांना जरा भरूनही आलं. त्यांनी पदराने चष्मा पुसला.

“या तुम्ही,” त्या म्हणाल्या. “पण ही बदलून आणा. उजव्या चेनची घ्या.”

“अगं, मग जोडता नाही येणार.”

“नाही ना येणार? मग तीच आणा. आणि येताना कापूस घेऊन या.”

“कापूस कशाला? आत पिसं आहेत की!”

“सगळ्या गटाच्या कानांना पुरेल एवढा आणा,” बाई म्हणाल्या आणि कापूस तोलायला त्यांनी वजनकाटा पुन्हा ओट्यावर काढला.