आधी नाक, मग काडी

रोज सकाळी आमचं दूध उतू जायच्या बेतात असताना बेल वाजायची. दारात शेजारच्या गायकवाडबाई, पदर खोचलेला, चेहरा घाबराघुबरा. "अहो, गॅसचा वास येतोय का?"

अंबरनाथच्या एमआयडीसीला खेटून राहणाऱ्याला हे काय विचारायचं! वारा फिरला की आमच्याकडे कसला ना कसला वास येतोच. समोरचे मोटवानी वैतागायचे, "टीचर, गॅस नहीं, फॅक्टरी का बास है!" बाई पुटपुटत परत जायच्या, "आधी नाक, मग काडी."

आख्खी नोकरी त्यांनी प्राथमिक शाळेत हेच शिकवलं. विषय गृहशास्त्र. तेव्हा मुलींना काजं-बटणं आणि मुलांना बागकाम अशी वाटणी होती. बाईंनी मुलांनाही पोळ्या लाटायला बसवलं. जवळच्या चामटोली गावातले एक पालक तणतणत आले, "माझ्या पोराला काय आचारी बनवताव?" बाई म्हणाल्या, "उपाशी ठेवू का?" पुढे विषयाचं नाव कार्यानुभव झालं, स्टोव्ह कपाटात गेला आणि शेवटी तो तासच गणिताने खाल्ला. तेव्हापासून बाईंनी आमची बिल्डिंग शिकवायला घेतली, अशी आम्ही त्यांची टिंगल करायचो.

गेल्या महिन्यात जिन्यातच गॅसचा खरा भपकारा आला. मी धावलो. बाईंचं दार उघडं, बाई ओट्याशी, हातात काडेपेटी.

"बाई, थांबा!"

रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या. बाई खुर्चीत बसल्या. "मला वासच येत नाही हो. मोठा ताप आला होता ना, तेव्हा गेला तो परत आलाच नाही. मुलाला कळलं तर पुण्याला नेऊन ठेवील. सून ओट्याला हात लावू देत नाही. कुणाला सांगू नका, शपथ आहे."

म्हणजे त्या आमचा गॅस तपासत नव्हत्या. स्वतःचा विचारत होत्या. मला फार वाईट वाटलं.

आता सकाळी मीच त्यांच्याकडे जातो. ओट्याशी उभा राहून वास घेतो, मान हलवतो, मग बाई चहा टाकतात. दिवसभर माझा जीव मात्र त्यांच्या ओट्यातच अडकलेला असतो.

पुढच्या आठवड्यात आम्ही सगळे भाचीच्या लग्नाला साताऱ्याला जाणार आहोत. काल तेच सांगायला गेलो, तर बाईंनी माझ्यासाठी नवा कप आणून ठेवला होता. चहा प्यायलो आणि न सांगताच परत आलो.