उस्मानचाचांचं कुलूप

उस्मानचाचांविषयी लिहायचं मी आजवर टाळत आलो. निमित्तं पुष्कळ सापडली. नोकरी होती, मुलांची लग्नं होती, मग डोळ्यांचं ऑपरेशन निघालं. आता निमित्तं संपली आहेत, आणि ज्यांच्यापुढं लाज वाटावी अशी माणसंही फारशी उरलेली नाहीत. तेव्हा लिहून टाकतो.

पुसदच्या बाजारात, बाबाराव टेलरच्या दुकानाला लागून उस्मानचाचांचं गॅसबत्त्या दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान कसलं, लाकडी फळ्यांचं खोकंच. रोज दिवेलागणीला, म्हणजे गॅसबत्तीवाल्याच्या ऐन धंद्याच्या वेळेला, हा माणूस आत जाऊन बसायचा, आतून फळ्या ओढून घ्यायचा आणि फटीतून हाक मारायचा, "बाबाराव, लावा बापा कुलूप!" बाबाराव हातातली कात्री ठेवून यायचा, बाहेरून कडी घालून कुलूप लावायचा आणि चाबी खिशात टाकायचा. रात्रीची नमाज आटपून माणसं मशिदीतून परतू लागली की मग चाचांना बाहेर काढायचं. सगळ्या बाजाराला ही रीत माहीत होती आणि कोणाला तिचं नवल वाटत नव्हतं. नवल मला वाटलं, कारण मी नवा होतो आणि नवलाच्याच शोधात होतो.

विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि मग महाराष्ट्रात आला, त्या मधल्या वर्षांतली ही हकिकत. परवान्यावर सरकारी दुकानात मिळणारी अफू तेव्हा बंद होत आली होती. मी नागपूरला एम.ए. करत होतो, समाजशास्त्रात. प्रबंधाला विषय घेतला होता, अफू सोडलेली माणसं ती सोडतात कशी. विषय आमच्या प्राध्यापकांना फार आवडला. ज्यांना विचारायचं त्यांना तो तितकासा आवडला नाही. एका तांड्यावर मी एका म्हाताऱ्या नाईकबाबांना नम्रपणे विचारलं, "आपण अफू कशामुळे सोडलीत?" त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "म्या कुठी सोडली? सरकारनं मले सोडलं." पुढं उन्हात बसून मी त्यांची ज्वारीची भाकर खाल्ली आणि कोरा कागद घेऊन परत आलो.

उस्मानचाचांनी मात्र खरंच सोडली होती, आणि कोणी सांगितल्याशिवाय. अफूचं नाव ते तोंडाने घेत नसत. तिला 'मावशी' म्हणत. "दिवसा मावशी येत नाही साहेब. दिवसा मी बादशा हाओ. पन दिवे लागले का ते येते अन् म्हन्ते, चाल. त्या वखताचा मले भरोसा नाही. म्हून कुलूप. हिसाब सीधा हाय."

'हिसाब सीधा हाय' हे त्यांचं पालुपद. गोड खाणं बंद, कारण गोडामागून मावशी येते, हिसाब सीधा. म्हणून चहात साखरेऐवजी मीठ. हॉटेलवाला त्यांचा चहा वेगळ्या किटलीत उकळायचा आणि चुकून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला गेला की बाजारात भांडण व्हायचं. दिवाळीत शेजाऱ्यांनी पाठवलेल्या करंज्या ते मान खाली घालून परत करायचे आणि सोबत बत्तीत लावायचं एक जाळीचं मेंटल फुकट द्यायचे, म्हणजे कोणाला राग येऊ नये. लग्नाच्या पंगतीत बुंदीवाला जवळ आला की ताटावर दोन्ही हात आडवे धरून बसायचे.

लग्नसराईतली एक वरात तर पुसदला पुष्कळ वर्षं आठवत असेल. वरात बाजारात आली आणि पुढची मोठी बत्ती फुस्सकन बसली. अंधार. बत्ती दुरुस्त करणारा हाकेच्या अंतरावर, पण कुलपात. चाबी बाबारावकडे, आणि बाबाराव त्याच लग्नाच्या मांडवात आधीच पंगतीला बसलेला. वाजंत्री थांबली. चाचा आतून ओरडू लागले, "पंप नका मारू! हवा सोडा पयले! पिन फिरवा, पिन!" बाहेरच्यांना पिन सापडेना. शेवटी नवरदेवच घोड्यावरून उतरला, मुंडावळ्या बाजूला सारून त्यानं फटीला डोळा लावला आणि रागानं म्हणाला, "चाचा, माह्या लग्नाच्या दिवशी तरी बाहेर राह्यचं होतं!"

"आज मी अंदर हाओ राजा," चाचा म्हणाले, "उद्यापासून तू बी अंदर. घाई कायले करतं?"

वरात हसत हसत अंधारातच पुढं गेली.

अशा माणसाला मी सोडणार नव्हतोच. बाजारामागे खोली घेतली आणि रोज चाचांकडे जाऊन बसू लागलो. मी यवतमाळचा, घरी वऱ्हाडीच बोलायचो. पण संशोधक झाल्यापासून माझी भाषा इस्त्री केल्यासारखी झाली होती. "साहेब पुस्तकावानी बोलते," चाचा बाबारावला सांगायचे. "पान उलटलं का नवीन सवाल." थोड्याच दिवसांत बाबारावनं चाबी माझ्याकडे दिली. त्याला दिवाळीचे कपडे शिवायचे होते, आणि मला वाटलं, माझ्या अभ्यासाला ही चाबी म्हणजे वरदानच.

कुलूप काढण्याचीही एक पद्धत होती. नुसतं काढून चालायचं नाही. आधी फळीवर थाप मारायची. आतून विचारणा व्हायची, "कोन?" नाव सांगून म्हणायचं, "आलो, चाचा." मग आतून "ठैरो" असं यायचं आणि थोडा वेळ थांबायचं. त्या वेळात चाचा खिळ्यावरची धुतलेली टोपी काढून डोक्यावर नीट बसवायचे. फळी सरकली की स्टोव्हवर चहा तयार असायचा आणि स्टूलवर दोन कप मांडलेले असायचे. एक त्यांचा, एक कुलूप काढणाऱ्याचा. दोन्हीत मीठ. तो चहा पिणं हा चाबी सांभाळण्यातला सगळ्यात अवघड भाग होता. मी श्वास रोखून तो पोटात ढकलायचो आणि चाचा गावाला जाऊन आल्यासारखे विचारायचे, "मंग? काय म्हन्ते बाजार?" मी सांगायचो, कोणाची म्हैस हरवली, कोणाची यष्टी चुकली. ते प्रत्येक गोष्टीवर मान डोलवायचे.

एकदा मी त्यांना माझा मुख्य प्रश्न विचारला. अफू सोडली त्या दिवशी नेमकं काय झालं होतं?

चाचा बत्तीची काच पुसत होते. काच पुसून झाली तरी पुसतच राहिले.

"बीबी जिंदी होती तवा रोज दारात बसे," ते म्हणाले. "मी मावशीकून कवाबी येवो, ते दार उघडे. बोले काई नाही. उघडे. ते गेली, अन् एक दिवस मी घरी आलो त दाराले कुलूप. मीच लावलं होतं साहेब, निघतानी. चाबी माह्याच खिशात. पन मी दारापाशी उभाच राह्यलो. कोनी उघडीन म्हून." मग त्यांनी काच बत्तीवर बसवली. "दुसऱ्या दिवशी बाबारावले म्हटलं, मले कुलूप लाव. अन् काढाले ये."

माझ्या तक्त्यात कारणांचे रकाने होते. प्रकृती, पैसा, धर्म, कायद्याची भीती. हे कुठं घालावं ते मला कळेना. मी 'पत्नीचा मृत्यू' एवढं लिहिलं आणि पान उलटलं.

सुट्टीत चाबी बाबारावकडे ठेवून नागपूरला गेलो तेव्हा मोठ्या उत्साहानं प्राध्यापकांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "कुलपात ठेवलेला माणूस सुधारला असं तुम्ही कशावरून म्हणता? कुलूप काढून पाहिलंत का?" प्रश्न बरोबर होता. त्यांचा त्यात काही दोष नाही. उत्तर मी ज्या रीतीनं मिळवलं, ती रीत माझी.

पुसदला परतल्यावर चाबी परत घेतली आणि त्याच संध्याकाळी चाचांनी आतून हाक मारली, "लावा साहेब!" मी कडी घातली, कुलूप कोयंड्यात अडकवलं, चाबी मोठ्यानं फिरवली, पण कुलूप दाबून बसवलं नाही. तसंच लोंबकळत ठेवलं. आतून धक्का दिला असता तर कडी निघाली असती. मग समोरच्या हॉटेलात खांबाच्या आड बसलो आणि फळ्यांवर नजर ठेवली. परवान्याची दुकानं गेली तरी मावशी मागच्या गल्लीत मिळत होती, हे सगळ्यांना माहीत होतं. चाचा निघाले असते तर माझ्यासमोरूनच गेले असते. आपल्यामुळे एखाद्याचं आयुष्य मोडू शकतं, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. मनात एवढंच होतं, निघतात की नाही.

नाही निघाले. नमाज झाली, माणसं घरी गेली, फळी हलली नाही. मला इतका आनंद झाला! उघड्या दाराआड बसून राहिलेला माणूस! माझा सगळा प्रबंध त्या एका फळीवर उभा राहिला. मी उठलो तो तडक खोलीवर गेलो आणि लिहीत बसलो. दार उघडायला जायला हवं, हे सुचलंच नाही. म्हणजे पुढं मी स्वतःला समजावलं की दार उघडंच होतं, उघडायचं काय? पण खरं सांगायचं तर त्या वेळी चाचांची मला आठवणच राहिली नाही. त्यांच्याविषयी लिहीत होतो, तरी नाही.

सकाळी बाबाराव खोलीच्या दारात.

"साहेब, तुमी काल गेलते का नाही म्हाताऱ्याले काढाले?"

"कुलूप उघडंच आहे, बाबाराव."

"ते दिसलं मले. म्हातारा अंदरच हाय."

मी धावत गेलो. चाचा स्टुलाशेजारी भिंतीला टेकून बसले होते. डोक्यावर धुतलेली टोपी होती. स्टूलवर दोन कप. दोन्ही भरलेले, दोन्हीवर साय आलेली.

तेव्हा एक वाक्य बोलायला हवं होतं. मी दुसरंच बोललो. "चाचा, अभिनंदन! कुलूप लावलंच नव्हतं मी! तुम्हाला कुलपाची गरजच नाही!"

"मालूम हाय," चाचा म्हणाले. "माहं कुलूप हाय ते. त्याचा आवाज मले समजत नाही का?"

"मग बाहेर का नाही आलात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वर्गात मास्तरांनी फारच सोपा प्रश्न विचारला की मुलं पाहतात, तसं.

"तुमी येनार होते ना," ते म्हणाले.

मी चाबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती टोपीच्या खिळ्याला अडकवली. त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं मी नागपूरला गेलो. काम झालं होतं. प्रबंधात लिहिलं की संबंधित व्यक्ती बाह्य बंधनाशिवाय, निव्वळ मनोनिग्रहाने व्यसनापासून दूर राहिली. परीक्षकांनी नेमक्या त्याच वाक्याचं कौतुक केलं. पुढं त्या पदवीवर नोकरी लागली, आणि त्या नोकरीवर सगळं आयुष्य गेलं.

ते वाक्य खोटं आहे. उस्मानचाचा मनोनिग्रहानं बसले नव्हते. कोणीतरी काढायला येणार आहे, म्हणून बसले होते. हे मला त्या सकाळीच कळलं होतं आणि तरी मी तसं लिहिलं. ही नोंद दुरुस्त व्हावी म्हणून आज हे लिहितो आहे.

दोन-तीन वर्षांनी मी पुसदला परत गेलो, ते माफी मागायलाच. यवतमाळहून निघालो तेव्हापासून गाडीत मनाशी वाक्य जुळवत होतो. पोचलो तेव्हा दिवे लागत होते. चाचांच्या दुकानाच्या फळ्या सताड उघड्या होत्या. आधी बाबाराव भेटला.

"तुमी गेल्यावर चाबी कोनाले देल्लीच नाही त्यानं," तो म्हणाला. "मी मांगून पाह्यली. म्हने, साहेबानंच सांगतलं ना बापा, गरज नाही म्हून. अन् मंग..." त्यानं मागच्या गल्लीकडे मान केली.

चाचा दुकानापुढच्या बाकावर बसले होते. डोळे अर्धे मिटलेले. हातात चहाचा कप होता आणि हॉटेलवाला त्यात आणखी साखर घालत होता. एवढं पुरे होतं, पुढं काही विचारायची गरज नव्हती.

"आले का?" मला पाहून ते म्हणाले.

"आलो, चाचा."

त्यांनी सरकून जागा दिली. माझ्यासाठी चहा मागवला. तो गोड होता, आणि मला तो मिठाच्या चहापेक्षाही अवघड गेला. चाबी खिळ्यावर तशीच होती, गंजलेली. टोपी नव्हती.

"किताबात माहं काय लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"लिहिलं, की तुम्ही सुधारलात." मग धीर करून म्हणालो, "पण चाचा, ते मी..."

"राहू द्या," ते म्हणाले. "खोडू नका. कुठी तरी सुधरलेला राहीन मी." आणि हसले. "मंग? काय म्हन्ते बाजार?"

मी सांगत बसलो. रस्ता खराब आहे, गाडीत गर्दी होती, यवतमाळला पाणी कमी आहे. ते प्रत्येक गोष्टीवर मान डोलवत होते. मशिदीतून माणसं परतू लागली तशी माझ्या गाडीची वेळ झाली आणि मी उठलो. त्यानंतर वर्षभरातच ते गेल्याचं बाबारावनं कळवलं.

गाडीत जुळवलेलं वाक्य पुस्तकी होतं, म्हणून कदाचित तोंडातून निघालं नसेल. आता दिवेलागणीला खुर्चीत एकटा बसलेला असतो तेव्हा मी ते घरच्या बोलीत म्हणून पाहतो. मुलगा परगावी आहे, दार मी आतून नुसतं लोटून ठेवतो. म्हणतो, चाचा, चुकलं माहं. दार उघडं होतं, पन मी याले पायजे होतं.