दगडूभाऊंच्या लिल्या आणि दारातली कळलावी

"सरकून घ्या, सरकून घ्या! आष्टीवाल्या बाई येऊन राह्यल्या!"

सकाळी सकाळी अशी आरोळी आली की नवीन जालन्यातल्या आमच्या गल्लीत कुणी दचकत नाही. ओरडणारे आमचे शेजारी दगडूभाऊ, रिटायर्ड एसटी कंडक्टर. आणि आष्टीवाल्या बाई म्हणजे रंगाच्या डब्यात नुकताच लावलेला रानलिलीचा कंद!

नोकरीत असताना बांधावर, ओढ्याकाठी जिथं कंद दिसला तिथून त्यांनी तो उचलला आणि त्या गावाचंच नाव त्याला देऊन टाकलं. एकदा केदारखेड्याजवळ तर "इंजिन गरम झालंय" म्हणून गाडी थांबवली, प्रवासी उतरवले आणि सगळ्यांना ओढ्यात फुललेली गडांबीची लिली दाखवली. ड्रायव्हर बिचारा बॉनेट उघडून थंडगार इंजिनाला वारा घालत होता. आता घरी येईल त्याला भाऊ एकेक डबा दाखवत सुटतात.

"ही गडांबी. एका दांड्यावर सगळं खानदान. लगनाची गाडी! हा रानकांदा. पानाचा पत्ता न्हाई, एकदम फूल. बिलकुल विदाऊट तिकीट! आन् मुसळी बघा, पांढरीफेक, टापटीप. शाळेच्या बाई!"

गेल्या वर्षी भाऊंची बायको, शांताबाई गेली. तेव्हापासून ते एकटेच. पण या श्रावणात त्यांनी कहर केला. चक्क दारात कळलावीचा वेल चढवला! कळलावी दारात आली की घरात भांडणं लागतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

भाऊ मात्र खुशीत. "खाली पिवळी, वर लाल. आन् बसायला जागा न्हाई मागत. पानाच्या टोकानं दांडी धरून उभ्यानं प्रवास!"

शेवटी माझी बायको पदर खोचून गेली. मागोमाग मी.

"भाऊ, उपटा ती आधी. घरात भांडणं लागतील."

"लागू द्या ना वहिनी," भाऊ हळूच म्हणाले. "शांता गेल्यापासून या घरात कुणी मोठ्यानं बोललं न्हाई. म्हणलं, हिचा गुण खरा असंल तर..."

ते खाली वाकून वेलाच्या बुडाशी माती सारखी करू लागले. बायकोनं तिथला चिखल पाहिला. मग एकदम कमरेवर हात ठेवून कडाडली,

"मंग पाणी तरी बराबर घाला! किती चिखल केलाय! कंद सडंल ना!"

भाऊंची मान झटकन वर आली. "तुम्हाला काय कळतं लिलीतलं?"

"चिखल तर कळतो!"

"तुमची तुळस वाळून राह्यली, ती बघा आधी!"

अशी जुंपली की गल्ली गोळा झाली. भाऊंच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी रंग आला होता. मी मध्ये पडलो नाही.

घाम पुसत बायको घरी आली आणि मला म्हणाली, "उद्या आठवण करा. मुसळीवरून भांडायचं राह्यलं."