‘येतो’ म्हणण्याचा हट्ट

परदेशात जायला माणसाकडे पासपोर्ट आणि ताठ कणा एवढं असलं की पुरे, असं निवृत्त पोस्टमास्तरांचं ठाम मत होतं. त्यांच्या मेहुण्याचं मत वेगळं होतं. तो दरवर्षी टूर कंपनीबरोबर जायचा आणि कंपनीची पिवळी टोपी परत आल्यावरही महिनाभर डोक्यावर मिरवायचा. “दाजी, तुम्हाला एकट्याने जमायचं नाही,” तो म्हणाला. “तिकडून मदतीसाठी एक जरी फोन केलात ना, तर पुढच्या वर्षी ही टोपी घालून माझ्या ग्रुपमध्ये यायचं.”

पोस्टमास्तरांनी पैज घेतली. पिवळ्या टोपीपेक्षा तुरुंग बरा, असं ते बायकोला म्हणाले आणि मुलीने फोनमध्ये घालून दिलेल्या भाषांतराच्या भरवशावर दोघं विमानात बसले. आपण मराठीत बोललं की फोनातली बाई तेच तिकडच्या भाषेत म्हणून दाखवायची. तिकडच्या माणसांचं बोलणं मराठीत सांगायची. मास्तरीणबाईंना तिचा आवाज जरा जास्तच गोड वाटत होता.

पहिले दोन दिवस मास्तरांची छाती फुगलेलीच होती. न्हाव्याकडे दाढी केली, पाववालीकडून पाव घेतला, सगळं फोनातल्या बाईच्या तोंडून. निघताना मात्र ते दारात थांबायचे, फोन तोंडापाशी धरायचे आणि न चुकता म्हणायचे, “येतो.” सभ्य माणूस दुसरं काय म्हणणार?

तिसऱ्या दिवशी ते गल्लीतून चालले होते, तर न्हावी दुकानाबाहेर आला आणि हातवारे करून काहीतरी सांगू लागला. पलीकडून पाववालीही आली, हातात कालच्या पावाची पिशवी घेऊन. मास्तर बायकोकडे वळून म्हणाले, “बघ, माणसं जोडावी लागतात. तुझ्या भावाला टोपीखालून हे दिसायचं नाही.” आणि त्यांनी मोठ्या कौतुकाने फोन पुढे केला.

पाववाली तावातावाने बोलली. फोनातली बाई तेच अतिशय गोड आवाजात म्हणाली, “तू म्हणालास येतो. मी दुकान उघडे ठेवले. तू आला नाहीस. तू खोटा माणूस आहेस.”

न्हाव्याचंही तेच गाऱ्हाणं होतं. त्याने खुर्ची रिकामी ठेवून दुसरं गिऱ्हाईक परत पाठवलं होतं.

मास्तरांना खोटेपणाच्या आरोपापेक्षा ते अरेतुरे जास्त झोंबलं. मास्तरीणबाईंच्या डोक्यात मात्र लख्ख प्रकाश पडला आणि त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. फोन बिचारा शब्दाला शब्द सांगत होता. आपलं ‘येतो’ म्हणजे निघालो, हे त्याला कुठून कळणार!

“अहो, मग ‘जातो’ म्हणा ना सरळ,” त्या म्हणाल्या.

“दारातून निघताना ‘जातो’? मी? जन्मात नाही.”

याला कारण होतं. लहानपणी एकदा ते दारातून “आई, जातो” म्हणाले होते. आईने दप्तर धरून मागे ओढलं, पाटावर बसवलं, ‘येतो’ म्हणवून घेतलं आणि मगच सोडलं. शाळेत उशिराचा मार बसला तो वेगळा. आई गेली, पण तो शब्द काही त्यांच्या तोंडात पुन्हा आला नाही.

शब्द बदलायचा नाही, तर पाळायचा, असं त्यांनी ठरवलं. न्हाव्याकडे जाऊन दाढी केली. निघताना सवयीने “येतो” म्हणून गेले, म्हणून संध्याकाळी परत जावं लागलं. तिथून निघताना पुन्हा तेच. गाल सोललेल्या बटाट्यासारखे झाले, खोलीत पावाची चळत लागली, बघायची ठिकाणं बघायची राहिली. मास्तरीणबाई पाव खाऊन वैतागल्या आणि भावाला फोन करते म्हणून धमकी देऊ लागल्या. मास्तर बधले नाहीत.

निघायचा दिवस उजाडला. टॅक्सी दारात, बॅगा टॅक्सीत. ज्या घरात खोली घेतली होती, तिथली घरमालकीण निरोप द्यायला बाहेर आली. बाईमाणूस प्रेमळ होतं. मास्तरीणबाईंनी खुणेने सांगितलं, गप्प बसा. पण दारातून न सांगता निघणं मास्तरांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी फोन काढला आणि म्हणाले, “येतो.”

घरमालकीण खूश झाली. परत येणार, तर एवढं ओझं कशाला न्यायचं? तिने टॅक्सीतून बॅगा काढल्या आणि घरात नेऊ लागली. पासपोर्ट त्यातल्याच एका बॅगेत! टॅक्सीवाला हॉर्न वाजवायला लागला.

“विमान चुकेल. एकदा ‘जातो’ म्हणा,” मास्तरीणबाई कळवळून म्हणाल्या, “नाहीतर मी दादाला फोन लावते.”

मास्तरांच्या डोळ्यांपुढे पिवळी टोपी नाचली. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. पण समोर घरमालकीण बॅग धरून उभी होती, अगदी आईने दप्तर धरलं होतं तशी. त्यांनी तोंड पुन्हा मिटून घेतलं. तेवढ्यात तिने फोनात काहीतरी विचारलं आणि फोनातली बाई म्हणाली, “कधी?”

“पुढच्या वर्षी येतो,” मास्तर ठणकावून म्हणाले.

घरमालकिणीने हसून बॅगा परत टॅक्सीत ठेवल्या. विमान मिळालं. फोन कुणालाही केला नव्हता, शब्दही बदलला नव्हता. पैज जिंकली होती.

घरी पोचल्यावर मेहुणा टोपी घेऊन हजरच होता. सगळी हकीकत ऐकून, चहा पिऊन, टोपी न खपल्याच्या दुःखात तो उठला. दारात चपला घालत म्हणाला, “बरंय दाजी, येतो.”

मास्तरांच्या तोंडून फोनातल्या बाईसारखंच निघून गेलं, “कधी?”

मेहुण्याने चपला पुन्हा काढल्या. “एवढं आग्रहाने विचारताय तर थांबतोच,” तो म्हणाला आणि आत जाऊन त्याने मास्तरांच्याच खुर्चीवर बैठक मारली.