माळरानाचं लोकार्पण

आमच्या गावच्या ओढ्याला कोनशिला आहे. ओढ्यावरच्या पुलाला नव्हे, ओढ्याला. 'सार्वजनिक ओढा. पाणी चालू आहे' असं काळ्या फरशीवर सुबक कोरलेलं. उन्हाळ्यात ओढा आटला की त्या फरशीवर गोणपाट पडतं. कुणी विचारलंच, तर भानुदासअण्णा गंभीरपणे सांगतात, "दुरुस्ती चालू हाय."

अण्णा माझे शेजारी. मिरजगावापासून कर्जतपर्यंतच्या कितीतरी रस्त्यांच्या, समाजमंदिरांच्या, पाण्याच्या टाक्यांच्या कोनशिला त्यांनी कोरल्या. आता सत्तरी ओलांडली, नजर कमी झाली, पण छिन्नी सुटत नाही. "पाटी न्हाई, त्याला वाली न्हाई," हे त्यांचं पालुपद. पाहुणा कुणाच्याही घरी येवो, अण्णा त्याला गाठून हे ऐकवणारच. आम्ही गावकरी मात्र त्यांना लांबून बघूनच रस्ता बदलतो.

शाळेसमोरच्या लिंबाला त्यांनी 'सार्वजनिक सावली' अशी पाटी लावली, तेव्हा मुख्याध्यापक म्हणून मी जरा कुरकुर केली.

"गुरुजी, उन्हाळ्यात पोरं पत्र्याखाली बसवता का लिंबाखाली?"

"लिंबाखाली."

"मंग पत्र्याच्या उद्घाटनाला एवढा मंडप, आन लिंबाला साधा नारळ न्हाई?"

नारळ मीच आणला. दुसरा उपाय नव्हता.

यंदा गावाचा हवामान आराखडा करायला तालुक्याहून एक मॅडम आल्या. गावच्या सार्वजनिक सोयी लिहायच्या आणि त्यांच्या राखणीसाठी निधी मागायचा, असं काम होतं. ग्रामसभा भरली. रस्ते झाले, टाकी झाली, गटार झाली. अण्णा उठले.

"माळ राह्यला."

माळ म्हणजे गावामागचं गायरान. पाऊस तिथे मुरतो म्हणून खालच्या विहिरींना पाझर लागतो. पण तोच माळ मुरमासाठी उकरायला द्यायचं पंचायतीत घाटत होतं.

"काका, माळ निसर्गात येतो. सोय म्हणजे बांधलेली," मॅडम म्हणाल्या.

"बांधली न्हाई म्हनून मोडायची व्हय?" अण्णांचा आवाज चढला. "इहिरी आटल्याव कुनाच्या तोंडाकडं बघायचं?"

गलका झाला. शेरडं राखणाऱ्या बाया अण्णांच्या बाजूने उभ्या राहिल्या, मग विहिरीवाले. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ग्रामसभेचा ठराव असेल, तर मी माळही सोयींमध्ये लिहिते." सरपंचबाईंनी हात वर करायला सांगितलं. निम्म्याहून जास्त हात वर गेले आणि मुरमाचा विषय बारगळला. मला मनापासून आनंद झाला.

अण्णांनी लगेच फरशी कोरायला घेतली. लोकार्पणाला माळावर सारा गाव लोटला. दोन बाभळींमध्ये लाल फीत बांधलेली. सरपंचबाईंनी कात्री अण्णांच्याच हाती दिली. "अण्णा, आज मान तुमचा."

अण्णा कात्री धरून नुसतेच उभे राहिले. फीत दिसत नसावी, असं वाटून मी जवळ गेलो.

"तसं न्हाई, गुरुजी," ते हळूच म्हणाले. "मी आपली फरशी आदल्या दिशी बसवायची आन घरी यायचं. कारेक्रमाला कुनी बलावलंच न्हाई कदी. एवढी मान्सं माझ्या कामावर आज पयल्यांदा बघतोय." मग त्यांनी विचारलं, "फीत कापली की समदी उठून जात्यात ना?"

"हो. तशी रीतच आहे."

अण्णांनी कात्री खिशात घातली आणि गर्दीकडे वळून हाक दिली, "फीत मागनं कापू. आधी च्या घ्या. बसा समदी."

सरपंचबाई गवतात बसल्या, मग सगळेच बसले. अण्णा किटली घेऊन एकेकापाशी जात होते. कुणाचा कप रिकामा दिसला की वाकून विचारत होते, "आजून घ्या की थोडा. जायची घाई न्हाई ना?"